सुरतला बिऱ्हाड करण्यापूर्वी हिशेब मांडा

कापसाची शेवटची वेचणी उरकली, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या, की खानदेशातील पुष्कळ घरांत एकच विषय निघतो. थोरल्याने गावी राहावे की सुरतला जावे? शेजारच्या घरचा मुलगा तिकडे लूमवर लागला, महिन्याला वीस हजार मिळवतो, असे कोणीतरी सांगते. आपल्या पाच एकर कोरडवाहूत वर्षभर राबून हाती काय येते, हे सर्वांना ठाऊकच असते. मग आखाजीच्या आत निर्णय घ्यावा लागतो. कारण आपल्याकडे सालदाराचे साल आखाजीला ठरते, आणि घरच्या माणसाचे सालही त्याच सुमारास ठरते.

शेतकरी बंधु-भगिनींनो, जावे की न जावे हे सांगणारा मी कोण? परंतु पिकाचा जमाखर्च कसा मांडावा हे गावोगाव सांगण्यात माझी नोकरी गेली आहे. बियाणे, खत, फवारणी, मजुरी सारे लिहून काढल्यावाचून कापूस परवडला की नाही हे कळत नाही. बिऱ्हाडाचेही तसेच आहे. पगाराचा आकडा ऐकून निघणे म्हणजे केवळ उतारा ऐकून पीक निवडण्यासारखे आहे. उत्पन्न कळले, खर्च कळलाच नाही.

तापीच्या काठाने गेलेली माणसे

खानदेश आणि सुरत यांचे नाते आजचे नाही. आपल्या गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांचे पाणी तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. तापीच्या खोऱ्यातून सुरतकडून अमळनेरपर्यंतची रेल्वे १९०० च्या सुमारास झाली. जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर आणि पुढे व्यारा, बारडोली, उधना अशी ही वाट आहे. नवापूरचे स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. धुळ्यावरून जाणारा नागपूर-सुरत महामार्गही हाच.

मुंबईपेक्षा खोली स्वस्त, पुण्यापेक्षा गाव जवळ, आणि फारसे शिक्षण नसले तरी काम मिळते, या तीन कारणांनी आपली माणसे तिकडे वळली. लूम, रंगाईच्या गिरण्या, जरी, साड्यांचे काम, हिऱ्यांचे कारखाने यांनी त्यांना सामावून घेतले. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांत आज अहिराणी सर्रास कानी पडते आणि श्रावणात कानबाई बसते. मूळचे जळगाव जिल्ह्यातील सी. आर. पाटील हे २००९ पासून नवसारी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून येत आहेत. आपली वस्ती तिकडे किती रुजली आहे, याची ही एक खूण समजा.

शहरही झपाट्याने वाढले. २००१ च्या जनगणनेत सुरत महापालिकेची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती; २०११ मध्ये ती सुमारे ४५ लाख झाली. वाढत्या गावात काम मिळते हे खरे. मात्र वाढत्या गावात भाडेही वाढते, हे तितकेच खरे.

गावचा न दिसणारा पैसा

हिशेबात पहिली चूक होते ती गावच्या खर्चाची. "गावी आम्हांला महिन्याला पाच-सहा हजार पुरतात" असे आपण म्हणतो. पण हे रोख खर्चाचे झाले. गावात राहताना पुष्कळ गोष्टी आपण विकत घेत नाही म्हणून त्या फुकट वाटतात. राहते घर आपले, त्याला भाडे नाही. कणगीतली ज्वारी-बाजरी शेतातली. कळण्याच्या भाकरीचे उडीद बांधावरच्या तुकड्यातले. चुलीला पऱ्हाट्या. घरी म्हैस असली तर दूध-ताक. भरताची वांगी, मिरची, कोथिंबीर शेजाऱ्याकडून आली तरी पैसे पडत नाहीत. पोराला सांभाळायला आजी, आणि आजारपणात उशाशी बसायला भावजय. शहरात यांतल्या प्रत्येक गोष्टीला किंमत पडते.

म्हणून घरधनिणीने एक काम करावे. महिनाभर एका वहीत दोन रकाने आखावेत. एकात रोख दिलेले पैसे, दुसऱ्यात घरून आलेल्या वस्तू आणि त्यांचा बाजारभाव. महिनाअखेर दुसऱ्या रकान्याची बेरीज पाहून घरातील पुरुष मंडळीही थक्क होतील.

एक नमुना हिशेब

आता नवरा, बायको आणि दोन शाळकरी मुले असे चौघांचे कुटुंब धरू. म्हातारे आई-वडील गावीच राहणार. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत; आपण आपल्या ओळखीच्या माणसाला विचारून खरे आकडे त्या जागी भरावेत.

समजा, महिन्याला खोलीभाडे ५,००० रुपये, वीज-पाणी ८००, गॅस ९००. धान्य ४० किलो, किलोला ३५ रुपयांप्रमाणे १,४००. डाळी ५००. रोज एक लिटर दूध, १,८००. तेल, साखर, चहा, भाजीपाला, साबण मिळून ४,०००. शाळा-वह्या-शिकवणी १,५००. कामावर जाण्यायेण्याचे १,०००. औषधपाणी १,०००. मोबाइलचे ५००. बेरीज झाली १८,४०० रुपये.

पगार वीस हजार. म्हणजे दरमहा सोळाशे शिल्लक, असे वाटेल. पण थांबा. लूमवरचे काम बहुधा मीटरवर किंवा पाळीवर असते; काम नाही त्या दिवसाचा पैसा नाही. दिवाळीत सुरतेतील कापड आणि हिऱ्यांचे कारखाने बरेच दिवस बंद असतात. गावची लग्ने, आजारपण यांतही दिवस मोडतात. म्हणून मिळकत अकरा महिन्यांचीच धरावी. भाडे आणि पोट मात्र बारा महिने चालते.

मिळकत अकरा महिन्यांची २,२०,००० रुपये. खर्च बारा महिन्यांचा २,२०,८०० रुपये. शिल्लक तर नाहीच, उलट आठशे रुपयांची तूट!

यात अजून गावी येण्याजाण्याचा खर्च धरलेलाच नाही. आखाजी, कानबाई, दिवाळी आणि एखादे लग्न अशा चार खेपा तरी होतातच. खेपेला दोन हजार धरले तर आठ हजार, आणि आहेर-मानपानाचे दहा हजार. म्हणजे तूट १८,८०० वर गेली.

आता घरची बाई काही काम करू लागली असे समजू. साड्यांना टिकल्या-खडे लावणे, धागे कापणे, लेस लावणे अशी कामे सुरतेत घरबसल्या मिळतात. त्यांतून महिन्याला चार हजार मिळाले तर अकरा महिन्यांचे ४४,००० होतात. तूट भरून २५,२०० रुपये उरतात. पण पहिल्या वर्षी खोलीची अनामत दहा हजार आणि पंखा, भांडी, शेगडी, पाण्याची टाकी यांचे पंधरा हजार गेले, तर हाती राहिले दोनशे रुपये! बिऱ्हाडाचे पहिले वर्ष बसण्यात जाते असे जुनी माणसे म्हणतात ते याचमुळे.

आणि हे चार हजार कोणाच्या कष्टाचे, हेही ध्यानात ठेवा. घरकाम, पाण्याची वेळ, मुलांचा अभ्यास सांभाळून रात्री दिव्याखाली बसून मिळवलेला हा पैसा आहे. नवऱ्याच्या पगारावर बिऱ्हाड चालते असे म्हणताना बाईचे हे चार हजार विसरू नयेत. तिला विचारल्याशिवाय तर बिऱ्हाडाचा निर्णय घेऊच नये.

गावाकडे पडणारा खड्डा

दुसरी चूक होते ती शेताच्या हिशेबात. घरचा गडी गेला, त्याच्या हातचे काम शेतात तसेच उरले. निंदणी, फवारणी, पाणी देणे, बैलांचे करणे ही कामे कोणी करायची? म्हाताऱ्या वडिलांनी पाठीवर पंप घेऊन फवारणी करावी, असे तर कोणालाच वाटत नाही. मग मजूर लावावे लागतात, किंवा शेत निम्मे हिश्श्याने अथवा खंडाने द्यावे लागते. पिकातला हा घटलेला पैसा सुरतच्या खर्चातच मांडला पाहिजे. वर्षाला वीस-पंचवीस हजार मजुरीत गेले, तर नमुन्यातल्या कुटुंबाची दुसऱ्या वर्षाचीही शिल्लक संपली.

यावर उपाय नाही असे नाही. माणूस कमी झाला तर पीकही त्या मानाने निवडावे. कपाशीला फवारणी आणि वेचणीचे हात फार लागतात; २०१७ पासून आपल्या भागात गुलाबी बोंडअळीने हा खर्च आणखी वाढवला. घरी दोनच म्हातारी माणसे असतील तर सगळ्या शेतात कपाशी घेण्याचा अट्टहास करू नये. तूर-मूग, ज्वारी-उडीद अशी आंतरपिके घ्यावीत. एक तुकडा केवळ घरच्या धान्याचा ठेवावा. त्यातून गावची कणगी भरेल आणि सुरतेलाही दोन पोती जातील. हलक्या जमिनीच्या तुकड्यावर बोर, सीताफळ लावावे. महाराष्ट्रात २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे, तिची चौकशी कृषी सहायकाकडे करावी.

शेत दुसऱ्याला करायला दिले तर तोंडी व्यवहार करू नये. मुदत, हिस्सा, खताचा खर्च कोणाचा, हे कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू आहे. ती हंगामात शेतात उभे राहून मोबाइलवर करावी लागते. सुरतेत बसून ती होत नाही. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते. तेव्हा हे काम गावी कोण करणार, ते निघण्याआधी ठरवून घ्यावे.

जळगाव-धुळे हा मधला रस्ता

सुरतला जाणे किंवा गावी राहणे, असे दोनच रस्ते आहेत असे नव्हे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप, चटई आणि डाळ गिरण्यांची कामे आहेत. भुसावळला रेल्वे आहे. धुळे, दोंडाईचा, अमळनेर येथेही कारखाने, गिरण्या, दुकाने, गोदामे आहेत. पगार सुरतेपेक्षा कमी मिळतो, म्हणून आपण तिकडे पाहत नाही. पण वरच्याच रीतीने हिशेब करून पाहा.

समजा, गावाहून एसटीने रोज जाऊन-येऊन तेरा हजारांची नोकरी मिळाली. अकरा महिन्यांचे १,४३,००० झाले. गावी राहिल्याने भाडे नाही आणि दूध घरचे. वीज ४००, गॅस ९००, तेल-साखर-भाजी ३,०००, शाळा ५००, प्रवास २,५००, औषध १,०००, मोबाइल ५००, अशी महिन्याची बेरीज ८,८०० आणि वर्षाची १,०५,६००. शिल्लक ३७,४०० रुपये. घरचे धान्य-डाळीही फुकट नाहीत, ती विकली असती तर पैसे आले असते, म्हणून बाजारभावाने २२,८०० वजा केले तरी १४,६०० उरतात. शिवाय सुटीच्या दिवशी शेतावर नजर राहते आणि रात्री म्हाताऱ्यांजवळ माणूस असतो. घरातील बाईला कामानिमित्त जावे लागले तर मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे, हेही लक्षात असू द्या.

एकट्याच्या मिळकतीवर सुरतेत तूट आणि जळगावात शिल्लक, असे या नमुन्यात दिसते. मात्र तेरा हजारांची जागा मिळायला हवी, आणि ती सर्वांना मिळत नाही. शिवाय गाव फाट्यापासून आडबाजूला असेल तर रोजची चार तासांची ये-जा माणसाला थकवते. तेव्हा ज्याने त्याने आपापल्या गावचा हिशेब पाहावा.

कागदपत्रे आणि मुलांचे शिक्षण

ज्यांना जायचेच आहे त्यांनी काही कामे निघण्यापूर्वी करावीत.

रेशनकार्ड रद्द करू नये. एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालावे ही सोय देशात प्रथम ज्या दोन जोड्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही एक जोडी होती. ते साल २०१९, महिना ऑगस्ट. कार्डाला सर्वांचे आधार जोडलेले असेल तर तिकडे गेलेल्यांनी आपला वाटा सुरतच्या दुकानातून आणि गावी राहिलेल्यांनी आपला वाटा गावच्या दुकानातून घ्यावा. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चौघांचे वीस किलो झाले. म्हणजे वरच्या हिशेबातील निम्मे धान्य सुटले.

आयुष्मान कार्ड असेल तर सोबत न्यावे. योजनेतील रुग्णालयांत ते देशभर चालते आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतो. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात लागलात, तर ईएसआय कापतात की नाही ते पहिल्याच महिन्यात विचारावे. कामगाराचे पाऊण टक्का कापून घरच्या सर्वांना औषधोपचार मिळतो. पाऊण टक्का वाचला म्हणून आनंद मानू नये.

मुलांच्या बाबतीत अधिक विचार हवा. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. गुजरातेत २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकवणे सक्तीचे आहे. लहान मूल ती भाषा चटकन उचलते, पण सहावी-सातवीत गेलेल्या मुलाला ते जड जाते. जातीच्या दाखल्याचेही ध्यानात ठेवा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला पहिल्या राज्याच्या दाखल्यावर तिकडच्या राखीव जागा मिळत नाहीत. उलट महाराष्ट्रात पुढे इंजिनियरिंग किंवा डॉक्टरीला प्रवेश घेताना दहावी-बारावी कोणत्या राज्यात झाली हे पाहतात. मूल आठवी-नववीत असेल तर ते कुठून दहावी होणार, हे आधी ठरवा आणि मग बिऱ्हाड हलवा.

संकटाचा पैसा

शहरातील मिळकत एकाएकी थांबू शकते, हे सुरतनेच आपल्याला दाखवले आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या धास्तीने लाखो माणसे काही दिवसांत शहर सोडून निघाली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कारखाने बंद झाले. २०२३-२४ मध्ये हिऱ्यांच्या धंद्यात मंदी येऊन अनेक कारागिरांचे काम गेले. दुष्काळ शेतकऱ्यालाच असतो असे नाही; शहरालाही असतो. म्हणून तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत मोटारसायकलचा हप्ता, मोठा टीव्ही, प्लॉटचे बयाणे यांच्या मागे लागू नये. नमुन्यातल्या कुटुंबाला ही रक्कम ५५,२०० रुपये होते. एवढे पैसे बँकेत असले की कारखाना महिनाभर बंद पडला तरी सावकाराच्या दारात उभे राहावे लागत नाही.

कोणी जावे, कसे जावे

ज्यांना शेत नाही किंवा अगदी नावापुरते आहे, ज्यांचा एक भाऊ गावी राहून शेत आणि आई-वडील सांभाळणार आहे, ज्यांच्या हाती शिवणकाम, वायरिंग, मशीनदुरुस्तीसारखे कसब आहे, ज्यांचा जवळचा नातेवाईक तिकडे आहे आणि नवरा-बायको दोघेही मिळवणार आहेत, त्यांना सुरत लाभते. अनेकांनी तेथे घरे केली, मुले शिकवली आणि गावी विहिरीही बांधल्या. पण एकट्याच्या मिळकतीवर, पाच-सात एकर पडीक टाकून, नवव्या इयत्तेतल्या मुलाला घेऊन निघणाऱ्याने दहादा विचार करावा.

शक्य असेल तर प्रथम एकट्यानेच जावे. चौघा-पाच जणांत खोली घेऊन एक वर्ष काढावे, त्यात एक दिवाळी आणि एक पावसाळा पाहावा. या काळात दरमहा किती हाती राहिले ते लिहावे. ते आकडे पाहून मग कुटुंब न्यावे. भावाभावांत गावी पाठवायची रक्कमही आधीच ठरवावी. "जमेल तसे पाठवीन" या बोलण्याने घरे तुटतात. आई-वडिलांना ठरलेल्या तारखेला ठरलेले दोन हजार गेले, तर त्यांना ते आज ना उद्या येतील अशा पाच हजारांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

येत्या आखाजीला लेकी माहेरी येतील, सुरतची मंडळीही गावी येतील. त्यांना पगार किती मिळतो एवढेच विचारू नका. भाडे किती, पाणी किती वाजता येते, गेल्या दिवाळीत काम किती दिवस बंद होते, वर्षअखेर हाती काय उरले, हे विचारा. लाजेने पुरुष सांगणार नाही. बायका एकमेकींना खरे सांगतात. ते आकडे वहीत लिहा, बेरीज करा आणि मगच सालाचे ठरवा.